बैठकीतली टाळी

राधाकिशनजींनी घरात आल्या आल्या पाण्याचा तांब्यासुद्धा बाजूला ठेवायला सांगितला. चपला काढल्या, हॉलच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात छातीसमोर धरले आणि एक खणखणीत टाळी वाजवली. मग मान तिरकी करून, डोळे मिटून ते काहीतरी ऐकत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या राजनंदिनीनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"आत्याबाई, हे काय करतेत?" तिनं सासूला हळूच विचारलं.

"खोली तपासतेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "आपण छातीवर बोटं वाजवून बघतो न्हाई का, तसं."

हॉल राधाकिशनजींना पसंत पडला नाही. एका बाजूनं स्वयंपाकघर उघडं, दुसऱ्या बाजूनं जिना. आवाज थांबायचाच नाही इथं, वाटसरूसारखा निघून जाईल, असं ते म्हणाले. कौशल्याबाईंना वाईट वाटलं नाही. हॉल त्यांच्या मनात नव्हताच. त्यांनी वरची खोली झाडून, पुसून, खिडकीला पडदा लावून तयार ठेवली होती. दोन महिने त्या खोलीचा नकाशा वहीच्या पाठीमागच्या पानावर काढत होत्या. कपाट इथं, स्पीकर इथं, खुर्ची इथं.

कौशल्याबाई मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त झाल्या. चौतीस वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात काढली. दिंद्रुडच्या आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांतली निम्मी तरणी पोरं पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या, तेव्हा लसीचा डबा खांद्याला अडकवून त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायच्या आणि भांड्याकुंड्यांतून, गोधड्यांतून लेकरं हुडकून टोचायच्या. गावात त्यांना कौशल्याबाई कुणी म्हणत नसे. लहानथोरांना त्या 'सिस्टर'च होत्या.

त्या रिकाम्या होणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकानं आपापल्या मनात त्यांचं पुढचं आयुष्य आखून टाकलं होतं. नवऱ्यानं, सुंदररावांनी, काशीचं नाव काढलं. मुलानं, अभिमन्यूनं, बीडला प्लॉट घ्यावा असं सुचवलं. गल्लीच्या पलीकडे राहणारे धाकटे दीर रामप्रसाद म्हणाले, वहिनींनी देवीच्या मंदिरापुढं सभामंडप बांधावा, नाव राहील. कौशल्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मला गाणं ऐकायचं आहे, आणि ते जसं गायलं गेलं तसं ऐकायचं आहे. अभिमन्यूला वाटलं, आईला रंगीत दिवे लागणारा मोठा स्पीकर हवाय. तो संध्याकाळी माजलगावहून आणतो म्हणाला. मग पुण्याहून धाकट्या सायलीनं फोनवर भावाला समजावून सांगितलं की ॲम्प्लिफायर वेगळा असतो, स्पीकर वेगळे असतात, आणि आईला काय पाहिजे ते एका ट्रॅक्टरच्या मोलाचं आहे. अभिमन्यू आईकडे वळला. कौशल्याबाई त्याला एवढंच म्हणाल्या, की तू ट्रॅक्टर घेतलास तेव्हा मी तुला कशाला म्हणून विचारलं नव्हतं.

त्यांच्याकडे डेक होता. त्र्याण्णव साली घेतलेला, दोन खोक्यांचा. दिवसभर खेडी हिंडून आल्यावर भाकरी थापताना तो लावायचा, ही त्यांची एकच चैन. सोळा वर्षांपूर्वी त्यातलं एक खोकं मुकं झालं आणि तेव्हापासून त्या अर्धंच गाणं ऐकत होत्या. तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला संभाजीनगरला गेल्या, तेव्हा ते खोकं पिशवीत घालून नेलं आणि विचारत विचारत राधाकिशनजींच्या स्पीकर-ॲम्प्लिफायरच्या दुकानात पोचल्या. राधाकिशनजी खोकं उघडून बघत होते, तोवर त्यांनी पाहुणीला एका खुर्चीत बसवलं आणि एका जुन्या बाईंची ठुमरी लावून दिली.

कौशल्याबाईंनी ती डोळे मिटून ऐकली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "या बाईंच्या छातीत त्या दिवशी कफ व्हता. डाव्या बाजूला. दुसऱ्या ओळीच्या आधी श्वास बघा कसा घेतलाय."

राधाकिशनजींच्या हातातला पेचकस खाली पडला. पंचवीस वर्षं ते ती ठुमरी गिऱ्हाइकांना ऐकवत होते. कुणी तबल्याचं कौतुक करायचं, कुणी स्पीकरचा भाव विचारायचं. गाणाऱ्या बाईला बरं नव्हतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा लावून ऐकलं आणि हात जोडले. त्या दिवसापासून दोघांचा फोनवर संवाद सुरू झाला. दुकान आता त्यांचा मुलगा बघायचा, पण सिस्टरचं काम मी स्वतः येऊन करणार, असं त्यांनी कधीच कबूल करून ठेवलं होतं.

तर ते राधाकिशनजी आता वरच्या खोलीत उभे होते. त्यांनी एक टाळी वाजवली. दुसरी वाजवली. कोपऱ्यात जाऊन तिसरी वाजवली आणि त्यांचा चेहरा पडला.

"सिस्टर, ही खोली चौकोनी आहे," ते म्हणाले. "जेवढी लांब, तेवढीच रुंद. वरून छत बुटकं. यात तंबोरा लावला तर पिंपात बसून ऐकल्यासारखा लागेल. मी तुम्हाला सामान विकून जाईन, पण मला झोप यायची नाही."

माहेरपणाला पंचमीसाठी आलेली सायली म्हणाली, मग आता कसं. राधाकिशनजी खाली उतरले. जिन्याशेजारी एक बंद दार होतं, ते त्यांनी ढकललं आणि आत जाऊन टाळी वाजवली. ती टाळी कौशल्याबाईंनी बाहेरून ऐकली. गोल, भरीव, आणि संपली ती नेमकी जिथं संपायला हवी तिथं.

राधाकिशनजी आतूनच ओरडले, "सिस्टर, खोली तर ही आहे."

ती बैठक होती.

सुंदरराव दोनदा पंचायत समितीवर निवडून आले होते, त्यातली अडीच वर्षं सभापती होते. घर बांधलं तेव्हा त्यांनी आधी बैठक बांधून घेतली, मग बाकीचं घर. वीस फूट लांब, तेरा फूट रुंद, रस्त्याकडे स्वतंत्र दार, आणि मान म्हणून छत बाकीच्या घरापेक्षा दोन हात उंच. पांढऱ्या गाद्या, लोड, तक्के. भिंतींवर काचेच्या चौकटीत अकरा फोटो. कुठं सुंदरराव कुणाला हार घालतायत, कुठं कुणी सुंदररावांना. कौशल्याबाई चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारापर्यंत जायच्या आणि तिथून परतायच्या. आत जायच्या त्या खोळी बदलायला, खोली रिकामी असताना. अशी कुणी कधी मनाई केली नव्हती. पण तशी रीतच पडून गेली होती.

राधाकिशनजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते खुशीत येऊन हात फिरवत सांगत होते, की गाद्या राहू द्या, गाद्या आवाज पितात. या भिंतीशी स्पीकर, भिंतीपासून अडीच फूट पुढं. फोटोंच्या काचा मात्र सगळ्या उतरवाव्या लागतील, काच आवाज परत फेकते. आणि ऐकणाऱ्यानं बसायचं इथं. त्यांनी बोट दाखवलं तिथं सुंदररावांचा लोड होता.

"तिथं आण्णा बसतेत," अभिमन्यू म्हणाला.

"बरोबर बसतात," राधाकिशनजी म्हणाले. "घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांनी हेरली आहे."

जेवून, दिंडांची तारीफ करून राधाकिशनजी चारच्या गाडीनं परत गेले. सुंदरराव त्या दिवशी एका जुन्या स्नेह्याला भेटायला माजलगावला गेले होते. ते दिंद्रुडच्या फाट्याला उतरेपर्यंत त्यांना तीन फोन गेले होते. एक अभिमन्यूचा, एक रामप्रसादांचा, आणि एक समोरच्या वच्छलाबाईंचा. वच्छलाबाईंनी विचारलं, की सभापती, बैठक मोडली म्हणतेत ते खरं का.

संध्याकाळी सात वाजता सगळे हॉलमध्ये जेवायला बसले. रामप्रसाद बोलावल्याशिवाय आले होते आणि आपली थाळी स्वतःच घेऊन बसले होते. दुपारची उरलेली पुरणाची दिंडं राजनंदिनीनं पुन्हा वाफवली होती. पहिला घास झाला. मग अभिमन्यूनं तोंड उघडलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका आज लागतील उद्या लागतील करत थांबल्यात. त्या लागल्या की त्याला उभं राहायचंय. कार्यकर्ते येणार, आजूबाजूच्या गावांची माणसं येणार, त्यांना बसवायचं कुठं? आईला गाणं ऐकायला त्याची ना नाही, पण बैठक म्हणजे नुसती खोली नव्हे. ते बोलताना तो आईकडे न बघता ताटाकडे बघत होता.

सायली म्हणाली, तुझे कार्यकर्ते सगळे मोबाइलवरच्या ग्रुपवर असतात, त्यांना गादी कशाला लागते. बहीणभावाची जुंपली. दोघंही तिशीच्या आसपासचे, पण आवाज बाराव्या वर्षाचे झाले. मग अभिमन्यूनं आधारासाठी बायकोकडे पाहिलं, आणि तिथं त्याला पहिला धक्का बसला. राजनंदिनी वाटीत दूध ओतत शांतपणे म्हणाली, की मागच्या वेळी तुम्ही दुसऱ्याच्या प्रचारात होतात, तरी महिनाभर मी पहाटेपासून चहा उकळत होते. उद्या तुम्हीच उभे राहिलात तर मला दोन गॅस लागतील. मला मत विचारलं नाही म्हणून देत नव्हते. विचारत असाल तर आत्याबाईंना खोली द्या.

रामप्रसादांनी ही संधी सोडली नाही. दहा-पंधरा वर्षं त्यांच्या मनात एक गोष्ट होती, ती त्यांनी दुधात भिजवून पुढं केली. "दादा, येवढं काय त्यात. बैठक मपल्या घरी हलवू. गल्लीच तर वलांडायची हाय. मपला हॉल रिकामाच हाय, हनुमानबी असतो तिथं."

हनुमान म्हणजे त्यांचा मुलगा, आणि हनुमानलाही जिल्हा परिषदेवर जायचंय हे सगळ्या घराला माहीत होतं. अभिमन्यूचा हात घासाशी थांबला. पाच मिनिटांपूर्वी काका त्याच्या बाजूचे होते. आता त्याला एकदम आईचं दुःख कळू लागलं. तो म्हणाला, की मशीन बैठकीतच बसवू, तिथंच लोकही बसतील, गाणं चालू राहील, उलट वजन पडेल. सायलीनं कपाळाला हात लावला.

कौशल्याबाई वाढत होत्या. वाढता वाढता त्या नवऱ्याकडे बघत होत्या. एका दिंडाचे सुंदररावांनी चमच्यानं बारीक बारीक तुकडे केले होते आणि एकही खाल्ला नव्हता.

रामप्रसादांना ते दिसलं नाही. बाजी आपल्याकडे वळतेय अशा समजुतीत ते पुढं झुकले. "आन दादा, खरं सांगू का? तसंबी आता बैठकीत येतंय कोण? सकाळपसून—"

"भाऊजी, तूप घ्या," कौशल्याबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण बाळंतपणाच्या खोलीत घुसलेल्या नातलगांना त्या याच आवाजात बाहेर काढायच्या. रामप्रसादांनी वाक्य तिथंच सोडलं. त्यांनी मुकाट्यानं ताट पुढं केलं. तूप वाढून झाल्यावर कौशल्याबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि सांगितलं, की राधाकिशनजींना मी उद्या फोन करते, सामान वरच्या खोलीतच बसेल. जरा लहान स्पीकर घेऊ. आता या विषयावर कुणी बोलायचं नाही.

भांडी घासताना सायली आईवर चिडली. तू जिंकत होतीस, ती म्हणाली. वहिनी तुझ्याकडून होती, काका तुझ्याकडून होते, दादा फुटला होता. तीस-बत्तीस वर्षं तू त्या दारापर्यंत ट्रे नेलास आणि आज दार उघडलं तर तूच ओढून घेतलंस. कौशल्याबाईंनी पातेलं विसळून पालथं घातलं.

"तुझ्या आण्णाला सगळ्यांच्या देखत उघडं पाडून मला गाणं गोड लागलं असतं का गं?" त्या म्हणाल्या.

सायलीला कळलं नाही. कळण्याइतके दिवस ती घरात नव्हती. कौशल्याबाई मात्र जूनपासून घरी होत्या आणि घरी राहिल्यावर त्यांना ते दिसलं, जे आजवर दवाखान्याच्या घाईत दिसलं नव्हतं. सुंदरराव रोज सकाळी साडेनऊला इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत जात. रस्त्याकडचं दार उघडत. लोडाला टेकून बसत. आणि एक वाजता उठून जेवायला येत. मधल्या वेळात चहा सांगायला हाक येत नसे. कामं घेऊन येणारी माणसं आता अभिमन्यूला फोन लावत, फाट्यावर गाठत. सुंदररावांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि त्यांनी काढला नाही म्हणून कौशल्याबाईंनीही काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या एका कपाचा ट्रे घेऊन बैठकीच्या दारात गेल्या. सुंदरराव उठून ट्रे घेतील म्हणून थांबल्या.

"आत ये," ते म्हणाले. "बस."

त्या आत गेल्या आणि पाहुण्यांच्या गादीवर, कडेला बसल्या. सुंदररावांनी बशीत चहा ओतला, अर्धा प्यायला, मग बशी खाली ठेवली.

"काल रामप्रसादचं बोलणं मधीच तोडलंस. कावून?"

"तूप थिजत व्हतं."

"तो काय म्हणणार व्हता ते मला कळलंय, सिस्टर." बायकोला ते या नावानं फार क्वचित हाक मारत. "गेल्या पंधरा दिवसांत इथं दोन माणसं आली. त्यातला एक मीटरचं रीडिंग घ्यायला आलता."

कौशल्याबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला. सुंदररावांच्याच मिशीखाली आधी हललं, मग दोघंही हसले. हसणं ओसरल्यावर सुंदरराव दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "तू दवाखान्यात जायचीस तवर बरं व्हतं. जूनपसून तू घरी बसलीस, तसा मी पेपर दोनदा वाचाय लागलो. आत आलीस तर काहीतरी करताना दिसावं म्हणून."

"दिसत व्हतं मला."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बायांच्या किती गोष्टी पोटात ठेवल्यात मी," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमची एक काय जड झाली न्हाई."

सुंदरराव गुडघ्यावर हात देऊन उठले, खोलीच्या मधोमध गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. पहिली जरा ओशाळलेली होती. दुसरी मोठी वाजवली.

"यात ऐकायचं काय असतंय?"

"टाळी संपल्यावर माघारी काय येतंय ते."

त्यांनी पुन्हा वाजवली आणि कान दिला. "काईच येत न्हाई की."

"म्हणून तर खोली चांगली."

सुंदररावांनी भिंतींवरून नजर फिरवली. अकराही फोटो त्यांनी एकेक करून पाहिले, जसं काही मोजून घ्यायचेत. मग त्यांनी स्वतःच कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. कौशल्याबाई म्हणाल्या, अहो राहू द्या, मी वरच्या खोलीचं सांगितलंय. ते म्हणाले, की राधाकिशनला झोप यायची न्हाई म्हणतोय तो, कशाला त्याचे तळतळाट घ्यायचे.

स्टूल डगमगत होतं, म्हणून कौशल्याबाईंनी ते धरलं. पहिला फोटो उतरला. दुसऱ्यामागून पाल निघाली आणि माजी सभापती स्टुलावरून ज्या चपळाईनं उतरले, ती पाहून दारात आलेली राजनंदिनी आल्या पावली परत फिरली. तिचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत राहिलं. आवाज ऐकून अभिमन्यू आला. अर्ध्या रिकाम्या भिंती बघून तो जागीच उभा राहिला. सुंदररावांनी त्याच्या हातात फोटो दिला आणि सांगितलं, की हे सगळे जिन्यात लाव, पायरीला एक. आणि तुझ्या माणसांना बसायला पुढच्या ओट्यावर पत्रा टाकून घे. बाहेर बसलेला उमेदवार लोकांना जास्त दिसतो. अभिमन्यूनं क्षणभर विचार केला. त्याला ते पटलं, आणि पटलं याचंच त्याला नवल वाटलं.

वेळेची वाटणीही तिथंच झाली. सुंदरराव म्हणाले, सकाळी कुणी आलंच तर मी बसेन, दुपारनंतर तुझी. कौशल्याबाई म्हणाल्या, गाणं काय घड्याळ बघून ऐकतं का कुणी. सुंदरराव मान हलवून म्हणाले, मग माणसांना घड्याळ लावू.

त्यानंतरचा श्रावण घरात कुणाचंच दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. राधाकिशनजी फोनवरून एकेक काम सांगायचे आणि सुंदरराव ते निवडणुकीच्या तयारीसारखं पार पाडायचे. गावातली वीज कधी दिवा मिणमिणता करायची, कधी बल्ब फोडायची. म्हणून मोठा स्टॅबिलायझर आला. अर्थिंगसाठी परसात माणूसभर खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला, तेव्हा वच्छलाबाईंनी गावभर सांगितलं की सभापतीच्या घरी धनाचा हंडा लागला. जाड पडद्यांचं कापड राजनंदिनीनं निवडलं. रामप्रसाद दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी सुंदररावांनी त्यांना अर्थिंगच्या खड्ड्यावर मुकादम नेमलं आणि ते इतके रमले, की जेवायलाही घरी जाईनात.

पोळ्याआधीच्या रविवारी राधाकिशनजी टेम्पोत सामान घालून आले. ऐकून ठरवा, मग घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. स्पीकरच्या दोन जोड्या आणल्या होत्या; एक स्टँडवरची आटोपशीर, एक छातीएवढी उंच. सायली पुण्याहून पुन्हा आली होती. दुपारी चार वाजता सगळं घर बैठकीत जमलं. सुंदररावांनी आपला लोड हातानं झटकला आणि कौशल्याबाईंना तिथं बसवलं. स्वतः भिंतीकडेला, कामं घेऊन येणारी माणसं बसायची तिथं जाऊन बसले.

दोन्ही जोड्यांवर तीच जुनी ठुमरी लागली. छोट्या जोडीवर ती सुरेख वाटली. मोठ्या जोडीवर खोलीत एक बाई येऊन बसली. रामप्रसादांनी तर दोनदा स्पीकरच्या मागं वाकून पाहिलं. गाणं संपलं तसं सगळ्यांनी सवयीनं सुंदररावांकडे बघितलं, या खोलीत निर्णय तेच घ्यायचे म्हणून. पण कौशल्याबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मोठे ठेवा, राधाकिशनजी." आणि ते ठरून गेलं.

राधाकिशनजींनी एक जुना, नीट दुरुस्त केलेला कॅसेट प्लेअरही जोडला होता. सिस्टरच्या दोनशे कॅसेट वाया जायला नकोत म्हणून. काहीतरी लावून बघा म्हणाले. राजनंदिनीनं खोक्यात हात घालून हाताला लागेल ती कॅसेट काढली. तिच्यावर निळ्या शाईत सासूच्या अक्षरात एकच शब्द होता. यांचं.

"हे काय हो, आत्याबाई?"

कौशल्याबाईंना आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा त्या नको नको म्हणेपर्यंत कॅसेट आत गेली होती. आधी खरखर, मग माणसांचा गलका, दूर कुठं बैलांच्या गळ्यातल्या घंटा. आणि मग एक कोवळा, घाईघाईनं बोलणारा आवाज, बंधू आणि भगिनींनो म्हणणारा. ब्याण्णव सालची सभा होती. सुंदररावांचं पहिलं भाषण. कुटुंब कल्याणाच्या प्रचारासाठी खात्यानं दिलेला टेपरेकॉर्डर कौशल्याबाई त्या दिवशी पिशवीत लपवून बायकांच्या घोळक्यात घेऊन गेल्या होत्या. अभिमन्यूच्या वेळचा सातवा महिना होता. घरच्या डेकवर ही कॅसेट त्यांनी एकदाच लावून पाहिली होती. गलक्यापलीकडे काही कळलं नव्हतं, म्हणून ठेवून दिली.

आता सगळं कळत होतं. सुंदररावांच्या हातातल्या कागदाची फडफड ऐकू येत होती. वाक्यावर वाक्य आदळत होती. अभिमन्यू तोंड उघडं टाकून ऐकत होता. बापाला कधी भीती वाटली असेल, हे त्याच्या डोक्यात आजवर आलं नव्हतं. आणि मग, त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, जणू खोलीतच कुणी पुटपुटावं तसा एका तरुण बाईचा आवाज आला.

"सावकाश," तो म्हणाला. "सावकाश, सावकाश. घाई न्हाई."

कळा देणाऱ्या बायांना त्या जे म्हणायच्या, जसं म्हणायच्या, अगदी तसंच. कौशल्याबाईंना स्वतःलाही आपण असं काही बोललो होतो हे माहीत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुनेच्या आणि दिराच्या देखत, त्या कानापर्यंत लाल झाल्या.

सुंदररावांनी राधाकिशनजींना खूण केली. "तेवढं परत लावा."

परत लागलं. सुंदररावांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर ते बायकोकडे वळले.

"मग?" त्यांनी विचारलं. "झालतो का मी सावकाश?"

"कुठं," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमी तर आभार मानायचेबी विसरून उतरलात."

पहिल्यांदा रामप्रसाद हसले, मग अख्खी बैठक. रस्त्यानं चाललेले दोघंतिघं थांबून दारातून आत डोकावले. सुंदररावांनी त्यांना हातानंच आत बोलावलं, चपला बाहेर काढायला सांगितल्या, आणि तोंडावर बोट ठेवून, सरकून, आपल्या शेजारी जागा करून दिली.